पंधरा मिनिटं, तीन प्रयोग आणि सोसायटीचा गणपती

प्रश्न थोडक्यात असा : दीड वर्ष घरी सराव चालू आहे. पत्ते बऱ्यापैकी पिसता येतात. डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणं, दहातून सातदा जमतं. नाणं तळहातात लपवताना मात्र बोटं आखडतात. यंदा सोसायटीच्या गणपतीत पंधरा मिनिटं मिळाली आहेत. समोर दीडएकशे माणसं, त्यातली निम्मी पोरं. छाप पडेल आणि फजिती होणार नाही असे सोपे प्रयोग कोणते?

आधी त्या डबल लिफ्टचं सांगते. दहातून सातदा जमतं ते घरी, आरशासमोर, पंख्याखाली. मांडवात ते दहातून चारदा जमेल. हाताला घाम सुटलेला असतो, त्यात भाद्रपदातल्या दमट हवेने कागदी पत्ते फुगून एकमेकांना चिकटतात. दोन उचलायला जाल तर तीन येतील. तेव्हा यंदा ते नको. घरच्यांना आणखी सहा महिने छळा.

मी बावीस-तेवीस वर्षं शाळांची स्नेहसंमेलनं, वाढदिवस, बचतगटांचे मेळावे असे कार्यक्रम करते आहे. त्याआधी शाळेत विज्ञान शिकवायचे. सुरुवातीला माझाही समज तुमच्यासारखाच होता, की सोपा प्रयोग म्हणजे हातांना सोपा. म्हणून मी एकवीस पत्त्यांचा खेळ करत असे. तुम्हालाही येत असेल : सात-सातच्या तीन रांगा, तीनदा मांडायच्या, समोरचा सांगेल ती रांग दरवेळी मधे घालायची, शेवटी त्याचा पत्ता अकरावा येतो. हातांना काही काम नाही, चुकायला काही नाही. पण बघणाऱ्याच्या वाट्याला काय आलं, तर एक बाई त्रेसष्ट पत्ते मांडताना बघणं. वर पहिल्या रांगेत कोणीतरी मामा असतातच, ते शेजारच्याच्या कानात आधीच ‘अकरावा, अकरावा’ सांगून मोकळे होतात.

आता मी प्रयोग निवडताना दोन गोष्टी बघते. गुपित घडतं त्या क्षणी माझं लक्ष कुठे असणार आहे? बोटांकडे असणार असेल तर तो प्रयोग मला अजून अवघड आहे, मग पुस्तकात त्यावर ‘सोपा’ असं लिहिलेलं असो. आणि दुसरं, तिथे बसलेली एखादी काकू दुसऱ्या दिवशी दूध घेताना तो एका वाक्यात सांगू शकेल का? ‘अगं, मी धरलेला पत्ता तिने आठवडाभर आधी लिहून ठेवला होता’ हे सांगता येतं. ‘तिने आधी तीन ढीग केले, मग मधला उचलला, मग परत...’ हे ऐकायला दुधाच्या रांगेत कोणी थांबत नाही.

छाप पाडण्याचा आणि अवघडपणाचा संबंध किती कमी असतो, याचं माझं आवडतं उदाहरण बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांचं. माणूस करवतीने कापण्याचा प्रयोग इंग्रज जादूगार पी. टी. सेल्बिटने लंडनमध्ये १९२१ साली रंगमंचावर आणला. १९५६च्या एप्रिलमध्ये सरकारांनी तो बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात केला तेव्हा तो पस्तीस वर्षं जुना झालेला होता. मुलीला गुंगवलं, टेबलावर आडवं केलं, मोठी गोल करवत फिरली. मग तिला जागं करायला गेले तर ती जागी होईना. सरकारांनी मान हलवली, तिच्या तोंडावर कापड टाकलं आणि तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बलबी पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगून मोकळा झाला. मुलगी गेली असं वाटून घाबरलेल्या लोकांच्या फोनने बीबीसीचा स्विचबोर्ड तुंबला. प्रयोग तोच होता, फक्त तो कुठे थांबला ते वेगळं होतं. आपल्याला बीबीसी मिळणार नाही, पण कुठे थांबायचं हे ठरवायला पैसे पडत नाहीत.

आता हातात पत्ते घ्या. हा पहिला प्रयोग मांडवासाठी नाही, घरच्या दहा-बारा माणसांसाठी आहे. पण निवड कशी करायची ते यावरून कळेल. याला किल्लीचा पत्ता म्हणतात आणि तो पत्त्यांच्या कुठल्याही पुस्तकात सापडतो, म्हणून इथे उघडपणे लिहिते आहे.

कॅट नीट जुळवताना सगळ्यात खालचा पत्ता बघून ठेवायचा. समजा चौकटची सत्ती. समोरच्याने मधून एक पत्ता काढला, पाहिला, कॅटच्या वर ठेवला. त्यालाच काटायला सांगायचं आणि खालचा भाग वर ठेवायला लावायचं. झालं. सत्ती आता त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसली. आणखी चारदा काटू द्या, ही जोडी सहसा तुटत नाही. मग वरून एकेक पत्ता उघडत गेलात की सत्तीच्या लगेच पुढचा त्याचा. कधी नेमकं सत्तीच्या खालीच काटलं जातं, सत्ती तळाला जाते आणि त्याचा पत्ता वर येतो. सत्ती अगदी शेवटी निघाली तर घाबरू नका, पहिला उघडलेला पत्ता त्याचा होता.

हातांचं काम इथे संपलं. नवशिके मात्र याच जागी घाई करतात. खालचा पत्ता बघतात आणि लगेच म्हणतात, ‘घ्या, एक पत्ता काढा.’ समोरच्याने तुमची ती नजर पाहिलेली असते. मी पत्ता बघून घेते आणि मग चहाचा कप बाजूला सरकवते, पोराला विचारते कितवीत आहेस, गणितात किती पडले. अर्धं मिनिट गेलं की ती नजर कोणाच्या आठवणीत राहत नाही. मग त्याला काढायला सांगते. शेवटीही पत्ता सापडल्याबरोबर उचलत नाही. त्याच्या पत्त्याच्या पुढे पाच-सहा पत्ते उघडत जाते आणि म्हणते, ‘आता मी जो पत्ता उलटा करीन तो तुमचा.’ त्याने स्वतःचा पत्ता मागे गेलेला पाहिलेला असतो, तो मनात खूश होतो की बाई चुकल्या. मी टेबलावर उघडा पडलेला त्याचा पत्ता उचलते आणि उलटा करून ठेवते.

हा शेवट मित्रांत, भाचरांत करावा. सोसायटीच्या अध्यक्षांवर करू नये. चारचौघांत फसल्याचं हसू सगळ्यांनाच येत नाही. अध्यक्षांसाठी साधा शेवट : त्यांचं मनगट धरायचं, नाडी बघितल्यासारखं करायचं आणि त्यांच्या पत्त्यावर थांबायचं.

घरच्याच बैठकीसाठी आणखी एक, पॉल करीचा १९४२ सालचा ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’. पाहुणा न बघता, केवळ मनाला वाटेल तसे पत्ते दोन बाजूंना लावतो आणि शेवटी सगळे लाल एकीकडे, सगळे काळे दुसरीकडे निघतात. तुमच्या हातांना जवळजवळ काही काम नसतं, जादू त्याच्याच हातून घडते. गड्डी आधी लावून ठेवावी लागते म्हणून बैठकीत सगळ्यात पहिला हाच घ्या, नाहीतर कोणीतरी उत्साहाने पिसून ठेवेल. आणि बावन्न पत्ते लावत बसू नका, निम्मे पुरतात.

मांडवात मात्र पत्ते तिसऱ्या रांगेच्या पुढे दिसत नाहीत. ही गोष्ट मला कळायला दोन वर्षं गेली. मागची माणसं टाळ्या वाजवायची त्या पुढच्यांनी वाजवल्या म्हणून.

म्हणून सुरुवात दोऱ्यांनी करा. आखूड, मध्यम, लांब अशा तीन दोऱ्या, ज्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सारख्या लांबीच्या होतात आणि परत वेगवेगळ्या. जादूगार याला ‘प्रोफेसर्स नाइटमेअर’ म्हणतात. पांढरी दोरी, मागे काळा किंवा गर्द पडदा, शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. गुपित इथे पूर्ण देत नाही, ते शिकायला अवघड नाही. तुम्हाला लागेल ते माप देते. आखूड आणि लांब मिळून मध्यमच्या दुप्पट भरली पाहिजे. मी ३५, ७० आणि १०५ सेंटिमीटर वापरते. ३५ आणि १०५ मिळून १४०, सत्तरची दुप्पट. पाच सेंटिमीटरचा फरक पडला तर ‘सारख्या’ झालेल्या दोऱ्या खाली वरखाली लोंबतात आणि पहिली टवाळी पोरंच करतात. दोरी सुती हवी, बोटाएवढी जाड. नायलॉनची घसरते, पायजम्याची नाडी बारीक पडते. सुती दोरीच्या आत गाभा असेल तर तो ओढून काढा, दोरी लोण्यासारखी मऊ होते आणि मुठीत हवी तशी वळते. टोकं फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवा, नाहीतर तिसऱ्या प्रयोगाला त्यांची झाडू होते.

बोलायला काय घ्याल? पुस्तकातली प्रोफेसरची गोष्ट आपल्याकडे रुजत नाही. मी तीन भाडेकरू सांगते : वन बीएचके, टू बीएचके आणि थ्री बीएचके, आणि मेंटेनन्स मात्र सगळ्यांना सारखा. दोऱ्या सारख्या होतात त्या क्षणी मांडवात जो गलका होतो, तो माझ्या हातांचा नसतो.

मधला प्रयोग पत्त्याचाच, पण असा की पत्ता फक्त एका माणसाला दिसला तरी चालतो. आठवडाभर आधी एक मोठा बंद लिफाफा सेक्रेटरींकडे देऊन ठेवा. आत कार्डशीटवर हातभर मोठा पत्ता रंगवलेला, समजा बदाम राणी. कार्यक्रमाच्या दिवशी बदाम राणी कॅटच्या वर ठेवलेली असेल. एखाद्या काकूंना वर बोलवा. हव्या तिथून काटायला सांगा, उचललेला भाग त्या टेबलावर ठेवतील. उरलेला भाग तुम्ही उचला आणि त्यावर आडवा ठेवा, ‘कुठे काटलं त्याची खूण राहावी म्हणून’. आणि आता पत्त्यांकडे बघू नका. काकूंकडे बघा. ‘मी तुम्हाला काही सुचवलं का? आपली आधी काही ठरवाठरवी? सेक्रेटरी, लिफाफा कधीपासून तुमच्याकडे?’ पंधरा सेकंद गेली की वरचा आडवा भाग उचला आणि खालच्या गड्डीवरचा पत्ता काकूंना घ्यायला लावा. त्यांना वाटतं आपण इथे काटलं. तो पत्ता मुळात सगळ्यात वरचाच होता. ‘क्रॉस-कट’ म्हणतात याला. कागदावर वाचताना वाटतं, कोण फसणार! मलाही वाटलं होतं. त्या पंधरा सेकंदांशिवाय केलात तर खरंच कोणी फसत नाही.

लिफाफा सेक्रेटरींना फाडू द्या. तुम्ही त्याला हात लावू नका, चार पावलं लांब उभे राहा. टाळ्या कमी पडल्या तर मला सांगा.

शेवटचा प्रयोग आकड्यांचा. तीन अंकी संख्या घ्यायची, पहिला आणि शेवटचा अंक यांत किमान दोनचा फरक हवा. उलटी करून मोठीतून लहान वजा करायची, आलेलं उत्तर उलटं करून त्यातच मिळवायचं. ७३२ वजा २३७ म्हणजे ४९५, अधिक ५९४, उत्तर १०८९. कुठलीही संख्या घ्या, १०८९च. आता हे उत्तर जसंच्या तसं लिफाफ्यातून काढलं तर शाळेतली दोन पोरं ओरडतील, आम्हाला बाईंनी शिकवलंय. म्हणून ते उत्तर झाकायचं. सोसायटीच्या वाचनालयातलं एक जाड पुस्तक आधी निवडून ठेवा. पाहुण्याला सांगा, उत्तराचे पहिले तीन अंक म्हणजे पान, शेवटचा अंक म्हणजे ओळ. पान १०८, ओळ नववी, पहिला शब्द मनात धरा. उत्तर मोठ्याने सांगू द्यायचं नाही. तुम्हाला तो शब्द पाठ आहे. पुस्तक निवडताना त्या जागी चित्र काढता येईल असा शब्द शोधा. ‘आणि’ किंवा ‘परंतु’ निघाला तर पुस्तक बदला. माझ्याकडे एका पुस्तकात तिथे ‘छत्री’ आहे.

आणि शब्द एकदम सांगू नका. खडूने फळ्यावर आधी नुसती शिरोरेघ ओढा. मग म्हणा, शेवटी दुसरी वेलांटी दिसते आहे. मग एक जोडाक्षर. पाहुण्याच्या तोंडाकडे सगळा मांडव बघत असतो, तिथेच प्रयोग घडतो. अक्षरं पूर्ण न करता बाजूला छत्री काढून टाकायची.

यात मी एकदा सपशेल आपटले आहे. एका शाळेच्या पालकसभेत एक गृहस्थ वर आले, कागदावर वजाबाकी केली आणि हातचा घ्यायला विसरले. मी छत्री काढून झोकात उभी आणि ते म्हणाले, ‘माझा शब्द तांब्या आहे.’ तेव्हापासून कागद बंद. मोबाइलचा कॅल्क्युलेटर देते आणि शेजारच्या माणसाला पडताळायला लावते.

आता काय घेऊ नये ते भराभर सांगते. कप आणि गोळ्या : रस्त्यावरचा मदारी करतो तेव्हा सोपं वाटतं, त्यामागे त्याचं लहानपण गेलेलं असतं. नकली अंगठा, ज्याला थम टिप म्हणतात : वस्तू उत्तम आहे, पण बाजारात येतो तो बहुतेक गुलाबी. रंगाचं एकवेळ निभतं, हात हलता ठेवला की कोणी बघत नाही. मांडवात पोरं मात्र स्टेजच्या पायाशी आणि दोन्ही बाजूंना बसतात, खालून आणि कडेने वर बघतात. तो वर्गात करा, सगळे समोर असताना. आगीचं काहीही नको. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की आपोआप पेट घेतं हे मी प्रयोगशाळेत मुलांना दाखवलं आहे, पण कापडाच्या मांडवात, थर्माकोलच्या मखराशेजारी तसलं काही करणाऱ्याला मी जादूगार म्हणणार नाही.

रसायनातलं हवंच असेल तर हळद आणि चुना घ्या. हळदीच्या पिवळ्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की लालभडक रंग येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हाच प्रयोग करून भोंदूबुवांचं ‘रक्त’ कसं निघतं ते गावोगाव दाखवत आले आहेत. म्हणून एक पथ्य पाळा. ‘माझ्या अंगात शक्ती आहे’ असं गमतीतही म्हणू नका. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवण्याविरुद्ध आपल्याकडे २०१३पासून कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, कार्यक्रम संपल्यावर हमखास एखादी बाई बाजूला घेऊन विचारते, माझ्या मुलाचं लग्न कधी जमेल ते सांगता का? तिला सरळ सांगावं लागतं, की ताई, ही हातचलाखी आहे, मला माझ्या मुलाचंही माहीत नाही.

विकतच्या सामानात एकच गोष्ट घ्या, इनव्हिजिबल डेक. जो बर्गने १९३६ साली काढलेल्या पत्त्यांवरून ती आली. समोरचा कुठलाही पत्ता नुसता तोंडाने सांगतो आणि कॅट उघडली की नेमका तेवढाच उलटा निघतो. तुम्हाला फक्त मनात तेरातून वजाबाकी करायची असते. एक अडचण आहे, ही कॅट कोणाच्या हातात देता येत नाही. पाठीवर तशीच नक्षी असलेली साधी कॅट जवळ ठेवा आणि प्रयोग झाला की ही खिशात, ती टेबलावर.

खिशावरून आठवलं. जादूची बहुतेक पुस्तकं कोट घालणाऱ्या पुरुषांनी कोट घालणाऱ्या पुरुषांसाठी लिहिलेली आहेत. ‘उजव्या आतल्या खिशातून काढा’ हे वाचून मी कितीदा हसले असेन, साडीला आतला खिसा कुठला? मी खांद्याला शबनम पिशवी लावते, तिला शिंप्याकडून मधे एक पडदा शिवून घेतला आहे. तुम्ही गणपतीत झब्बा घालणार असाल तर बाजूचे खिसे आजच तपासा. त्यांत हात घालताना झब्बा वर ओढला जातो आणि सगळ्यांना कळतं.

‘पुन्हा एकदा दाखवा’ अशी आरोळी येणारच. तोच प्रयोग लगेच पुन्हा करू नका, दुसऱ्या वेळी लोक शेवट बघत नाहीत, हात बघतात. पुढचा प्रयोग सुरू करा, ते विसरतात.

दोऱ्या चार मिनिटं, लिफाफा पाच, छत्री पाच. एक मिनिट पोरांच्या गोंधळाचं.

आणि मांडववाल्याला आजच फोन करून माइकचा स्टँड मागून ठेवा. हातात माइक आला की तुमचा एक हात गेला, आणि एका हाताने तीन दोऱ्या होत नाहीत. आयत्या वेळी मागाल तर तो स्टँड आरतीच्या ढोलकीसमोर चिकटपट्टीने बांधलेला असेल आणि ढोलकीवाला तो सोडणार नाही.